काळा पडलेला ऊस

लढाईच्या त्या वर्षांत सांगलीच्या बाजारात पुष्कळ काही मिळत नव्हतं हे मान्य, पण साधा हिरवा रंगही मिळू नये? मी आष्ट्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. विलायती हिरव्याची माझी ट्यूब पिळून पिळून केव्हाच संपली होती, आणि दुकानदार दर खेपेला जहाज येऊ द्या म्हणून वाटेला लावायचा.

नेमका तेव्हाच थोरला भाऊ पलटणीतून सुट्टीवर आला. वाळवंटात राहून राहून करपलेला. जाताना सोबत न्यायला त्यानं आपल्या उसाचं चित्र मागितलं. "लय दिस हिरवं बघितलं न्हाई गड्या," एवढंच बोलला.

पिवडीची पिवळी माती आणि नीळ कालवली, तर रंग झाला डबक्यातल्या शेवाळाचा. डोकं फिरलं नुसतं. मग आठवलं, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, हिरवं पडतं, आणि घरोघरी ते ओतून देतात. मी तांब्याच्या पत्र्यावर आंबट ताक शिंपडत बसलो. आई वैतागली, घरात विष कशाला करतोस म्हणाली. पण पत्र्यावरून जो हिरवा खरवडून निघाला, तो काय सांगू! जरा निळसर होता, म्हणून कोवळ्या पानांसाठी त्यात हरताळ या खनिजाची पिवळी पूड मिसळली, डिंकाच्या पाण्यात घोटला आणि ऊस रंगवला. दादा चित्रासमोरून हलेना.

चार दिवसांत पानं काळवंडायला लागली. त्या तांब्याचं आणि हरताळेचं हाडवैर असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. सुट्टी संपली तेव्हा सगळा ऊस तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. मी संतापून चित्र फाडायला निघालो. दादानं ते हातातून काढून घेतलं आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं.

लढाई संपल्यावर तो आला, तेव्हाही ते ट्रंकेत होतंच. बाजारात ट्यूबा पुन्हा दिसू लागल्या होत्या. मी हौसेनं हिरवी ट्यूब आणली, नवं चित्र काढून देतो म्हटलं, तर तो नको म्हणाला. मी चिडलोच. असलं काळं ध्यान कशाला जपायचं, म्हणून विचारलं.

"तिथं समद्यास्नी सांगितलं, ह्यो रातचा ऊस हाय," दादा म्हणाला. "पाटाच्या पाण्याची पाळी रातची आली की आपला ऊस असाच दिसतो. डोळं मिटायच्या आधी रोज त्याला पाणी पाजून यायचो मी."