वाऱ्याला आडवं

तापलेलं रबर आणि त्याच्या तळाशी सडत चाललेला लसूण. हा वास मी कधीच घेतलेला नाही, तरी तो मला हाडांतून आठवतो. तो फक्त बाबांना यायचा, आणि त्यांना आला की घाव आमच्या अंगावर पडायचे.

बाबांची तीस वर्षं मोहोपाड्यात, रसायनांच्या कारखान्यात गेली. वायू गळू लागला की भोंग्याच्या आधी त्यांच्या नाकाला कळायचं. मी लहान असताना कॉलनीत ते मला खेळासारखं शिकवत: ओला पंचा नाकातोंडावर दाबायचा, टाकीवरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी कुठल्या बाजूला फुगली आहे ते पाहायचं, आणि वाऱ्याला आडवं निघायचं. कुंपणापाशी ते माझा हात सोडून माघारी वळत. कामगाराला व्हॉल्व्ह बंद करायला आत जावंच लागतं, पोरांनी मात्र थांबायचं नसतं, असं सांगत.

निवृत्तीनंतर आम्ही दहिवलीत राहायला आलो. तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात, दुपारी जेवताना, बाबांचा घास हातात थांबला. ओठ चुटचुट हलू लागले, नजर भिंतीच्या आरपार गेली. "गॅस," एवढंच म्हणून ते उठले, लोखंडी बत्त्याने खिडकीची काच फोडली आणि आईला केसांना धरून अंगणात फरफटत नेलं.

आणि आई न् मी, आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. तोंडाला ओली फडकी लावून आम्ही अर्धा तास उन्हात उभ्या होतो.

"अवो काकू, गॅस कसला? आमी सुकट भाजतोय!" शेजारीण कुंपणावरून हसली. "काकांना म्हणावं, जेवायलाच या."

"हस तू," केस सावरत आई म्हणाली. "त्यांचं नाक हाय ते. चुकायचं नाय."

त्या नाकावरच्या श्रद्धेपायी सात महिने गेले. आम्ही शेगडी तपासून घेतली, नळी दोनदा बदलली. तेवढ्या काळात दोन दारं फुटली. बाबांना आवरायला गेलेल्या आईचं मनगट मोडलं; तो आवाज वाळलेली शेंग तडकावी तसा, बारीक आणि कोरडा होता. माझ्या भुवईवर चार टाके पडले. प्रत्येक वेळी काही मिनिटांनी बाबा भानावर येत, माझ्या डोळ्यात उतरणारं रक्त पाहत आणि कळवळून विचारत, "कुणी मारलं गं तुला?"

पनवेलच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र उजेडावर धरलं. कानशिलाच्या आत एक पांढुरका व्रण होता. "हा राग नाही, आकडी आहे," ते म्हणाले. तिथे, सगळ्यांच्याच मेंदूत, बदामाएवढ्या एका गाठीत भीती राहते. तिला लागूनच, समुद्रघोड्यासारख्या वळलेल्या भागात, आठवणी घडतात. वास तिथेच पोचतो आणि चेहऱ्यांची ओळखही त्याच्याच शेजारची. त्या भागात वीज उसळली की नसलेला वास येतो आणि असलेलं माणूस नाहीसं होतं. "त्यांना धरू नका. धरलं की ते मारतात. वाट मोकळी ठेवा."

गोळ्यांनी आकड्या विरळ झाल्या, थांबल्या नाहीत.

"मला नाय झेपत आता," प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आई म्हणाली. "त्यांना कुठंतरी ठेवू या. आज मनगट मोडलं, उद्या मान मोडल. त्या वक्ताला आपण त्यांचं कोणीबी नसतो गं."

तिचं शेवटचं वाक्य मला सलत राहिलं. खरंच कोणीही नसतो? मी रविवारपर्यंतची मुदत मागितली.

शुक्रवारी सकाळी आई बाजारात गेली होती. तिच्या सांगण्यावरून मी दाराला आतून कडी घातली होती. बाबांचे ओठ हलू लागले. त्यांनी बादलीत पंचा बुडवला, बत्ता उचलला आणि दारात मला पाहिलं.

"कोण तू?"

पहिला घाव खांद्यावर बसला. सवयीने मी त्यांचं मनगट धरलं, म्हणून दुसरा बरगडीवर आला. तेव्हा डॉक्टरांचे शब्द आठवले. मी हात सोडला आणि कडी काढली.

त्यांनी ओला पंचा माझ्या तोंडावर इतक्या जोराने दाबला की दातांवर ओठ फाटला. मग केस मुठीत धरून त्यांनी मला अंगणातल्या खडीवरून ओढलं. गुडघ्यांची सालं निघाली. अर्ध्या अंगणात ते थबकले. गाल वर करून त्यांनी वारा अजमावला. तो नदीकडून येत होता. त्यांनी दिशा बदलली आणि मला त्या वाऱ्याला आडवं खेचत, करवंदीच्या काट्यांमधून, कुंपणापर्यंत नेऊन आदळलं.

"बाबा, मी कोण?" तोंडातलं रक्त थुंकत मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत मी कुठेच नव्हते. याबाबतीत मला स्वतःशी खोटं बोलायचं नाही. मग ते वळले आणि नसलेला व्हॉल्व्ह बंद करायला, स्वतःच्या तोंडावर काहीही न घेता, घराकडे धावले.

रविवारी मी आईला सांगितलं की बाबा घरातच राहतील आणि दाराची कडी मी काढून टाकली आहे.

"फुटका ओठ घेऊन हे सांगतीस?" ती संतापली. "असं काय केलं त्यांनी?"

मी तिला कुंपणापाशी घडलेलं सगळं सांगितलं. त्यांच्या लेखी अनोळखी असलेल्या मला तिथे टाकून, वळता वळता, बाबा जे म्हणाले होते तेही सांगितलं:

"पळ."