अप्पांचं मनगट

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कुंभकोणमला, मेलकावेरीत, एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मी मुलींना कराटे शिकवते. नवी मुलगी आली की तिला पहिल्याच दिवशी कशावर तरी दणादण गुद्दे मारायचे असतात. मी मारू देत नाही. आधी मनगट. कोरड्या तांदळाच्या बादलीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतल्या आत मूठ वळायची, उघडायची, मनगट दोन्हीकडे फिरवायचं. काही महिने हेच. मग मुठींवर जोर काढायचे, तेही आधी गोधडीवर. आणि त्यानंतर कधीतरी काथ्याचा दोर गुंडाळलेली फळी. मनगट कच्चं असताना गुद्दा मारला तर समोरच्याला काही होत नाही, आपलाच हात दुमडतो. दुखलं तर थांबायचं, सुजलं तर आठवडाभर बादलीकडे बघायचंसुद्धा नाही. हाडांना घाई कळत नाही, असं मी पोरींना रोज बजावते. जी ऐकत नाही तिला सरळ घरी पाठवते.

माझी स्वतःची मूठ अप्पांनी घडवली. अप्पा, म्हणजे माझे वडील, टपाल कचेरीत कारकून होते. त्यांनी जन्मात कुणाला टपलीसुद्धा मारली नसेल. पण मी अकरा वर्षांची असताना मला शिकायचं आहे म्हटल्यावर त्यांनीच बाजारातून काथ्याचा दोर आणला, फळीवर गच्च गुंडाळला आणि परसातल्या भिंतीला ती फळी ठोकली. आईनं तीन दिवस अबोला धरला. ‘हिला लग्नात बांगड्या चढायच्या नाहीत,’ म्हणाली. त्या खरंच चढल्या नाहीत, आणि लग्नही झालं नाही, पण त्याला कारण बांगड्या नव्हत्या, माझं तोंड होतं. संध्याकाळी कचेरीतून आले की कॉफीच्या आधी अप्पा मला पायरीवर बसवायचे आणि कोमट तिळाच्या तेलानं बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत चोळायचे. ‘दुखतंय?’ ‘नाही.’ ‘खरं सांग.’ ‘नाही म्हटलं ना.’ मी साफ खोटं बोलत असे. मग मी जिथे अंग आवळलं तिथे ते हलक्या हातानं चोळत.

दीड वर्षापूर्वी आई गेली. आणि त्यानंतर सात महिन्यांनी अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं चार दिवसांत सुधारलं, पाय काठीवर आला. राहिला तो उजवा हात. दंड थोडा हलायचा, पण मनगट खाली लोंबायचं आणि बोटं अर्धवट मिटलेली. एक फिजिओथेरपीवाली मुलगी साक्कोट्टैहून आठवड्यातून तीनदा यायची. शांत, गोड बोलणारी. दहा मिनिटं हात हलवायची, मग खांद्याखाली उशी ठेवायची आणि मला तमिळमध्ये सांगायची, ‘अक्का, ओढायचं नाही, जोर लावायचा नाही. हळूहळू येईल.’

हळूहळू म्हणजे कधी, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे घाई होती. आईचं वर्षश्राद्ध साडेचार महिन्यांवर आलं होतं.

मला भाऊ नाही. बायकोचं वर्षश्राद्ध नवऱ्यानं करायचं, आणि तिच्या नावानं तीळ घातलेलं पाणी सोडायचं ते उजव्या हातानं, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून. तळवा किंचित वाकवून कडेला करावा लागतो. बघायला काहीच नाही. पण लोंबत्या मनगटाला ते जमत नाही, आणि डाव्या हातानं चालत नाही. आमचे पुरोहित, इथे त्यांना वाध्यार म्हणतात, त्यांनी तोडगा सांगितला: अप्पांनी दर्भ देऊन दुसऱ्या कुणाला तरी आपल्या वतीनं बसवावं. चेन्नईला माझा चुलतभाऊ आहे, त्याला. मी म्हटलं, मी का नको? वाध्यारांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि पंचांग मिटलं.

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, ‘तो तुझी आई आजारी असताना एकदाही आला नाही. त्याच्या हातचं पाणी तिला कशाला? एवढं एक मला करू दे.’ आणि माझ्याकडे बघून, ‘तुज येतं ना हे हाताचं शास्त्र?’

मी म्हटलं, ‘येतं. तुम्ही फक्त मी सांगेन तसं करा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी इडलीच्या तांदळाची बादली त्यांच्या खुर्चीपुढे आली. सुरुवातीला मी शहाण्यासारखी वागले, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. मी त्यांचा हात धरून तांदळात बुडवायची, त्यांची बोटं माझ्या बोटांनी मिटायची, उघडायची. एवढंच. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मुठीत आपोआप काही दाणे आले. बापलेक दोघंही त्या दाण्यांकडे बघत बसलो. अप्पा हसले, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी त्या दिवशी गच्चीवर पोरींना सुट्टी दिली आणि पेढे आणले, आणि माझं डोकं फिरलं ते तिथून.

कारण दाणे आले म्हणजे आणखी येतील, असं मला वाटलं. दिवसातून एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं चारदा. तांदूळ हलका पडतो म्हणून मी कावेरीची कोरडी वाळू चाळून आणली. वाळू ओली असली की आणखी जड लागते, तीही केली. मनगट वर उचलण्यासाठी हातात पितळेचा तांब्या अडकवायचा, आधी रिकामा, मग पाणी भरून. मी समोर उभी राहून आकडे म्हणायची. गच्चीवर म्हणते तशाच आवाजात, शेजारी ऐकू जाईल इतक्या. ‘अप्पा, वर. पडू देऊ नका. अजून वर. काय हे, सकाळी जमलं होतं ना?’ सत्तराव्या वर्षी माझा बाप माझ्यापुढे शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून बसायचा. मला ते दिसत होतं. मी आकडे म्हणत राहिले.

ती फिजिओथेरपीवाली काही आंधळी नव्हती. एकदा हात फिरवताना थबकली. ‘हात जरा गरम लागतोय. अय्या, दुखतं का?’ अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्या घरांतले, दाराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत आमची ती जुनी मराठी, जी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. या गावात आमच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला न कळता आम्ही काहीही बोलू शकतो. लहानपणापासूनची खोड ही. दुकानदारासमोर, डॉक्टरासमोर, पाहुण्यांसमोर. मी कपडे घडी करता करता, चेहऱ्यावर काही न दाखवता मराठीत म्हटलं, ‘दुखतंय म्हणू नका अप्पा, ती अस्कं थांबवेल. श्राद्ध जवळ आलंय.’ अस्कं म्हणजे सगळं.

अप्पा तिला तमिळमध्ये म्हणाले, ‘नाही अम्मा, काही दुखत नाही.’

ती बिचारी मला विचारते, ‘काय म्हणालात तुम्ही त्यांना?’ मी म्हटलं, ‘कॉफी घेता का विचारलं.’ आणि खरंच कॉफी करून आणली, तिलाही दिली. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ वेडंवाकडं घडलं असेल, पण इतक्या सफाईनं केलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

कळलं ते एका सकाळी. श्राद्धाला नऊ दिवस होते. अप्पा खुर्चीत बसले होते आणि त्यांनी उजव्या हातावरून अंगवस्त्र घेतलं होतं. मे महिना, उकाड्यानं जीव चाललेला. मी म्हटलं, ‘हे काय, काढा ते,’ आणि ओढलं. मनगट पावासारखं फुगलं होतं. बोटांवरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. मी नुसतं खालून उचलायला गेले तर त्यांच्या तोंडून आवाज निघाला. मोठा नव्हता. आतल्या आत दाबलेला होता, आणि त्यावरूनच मला समजलं की असे आवाज त्यांनी बरेच दिवस दाबले असणार. ‘कधीपासून?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘पंधरा दिवस झाले असतील.’ ‘मग बोलला का नाहीत?’ अप्पांनी डाव्या हातानं अंगवस्त्र पुन्हा वर ओढून घेतलं. मीच सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून.

डॉक्टरांनी मनगट पाहिलं, मग खांदा पाहिला. मनगटाच्या शिरा सुजल्या होत्या, आणि दुबळ्या खांद्याला तांब्याच्या वजनानं जो ओढा बसला त्यानं तोही दुखावला होता. सहा आठवडे पट्टी, हलवायचं नाही. ‘हा व्यायाम कुणी करवून घेतला?’ डॉक्टर माझ्या मुठींकडे बघून म्हणाले. माझी पेरं अशी आहेत की ती लपत नाहीत. मी तोंड उघडलं, पण त्याआधी अप्पा म्हणाले, ‘मीच करत होतो. ती नको म्हणत होती.’ मी गप्प राहिले. मी, जिला गप्प राहणं कधी जमलं नाही, ती नेमकी तेव्हा गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

श्राद्धाच्या दिवशी चुलतभाऊ पहाटेच्या गाडीनं आला. अप्पांनी डाव्या हातानं त्याला दर्भ दिला आणि भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, उजवा हात गळ्यात अडकवलेला. मी स्वयंपाकघरात होते. श्राद्धाच्या स्वयंपाकात बोलायचं नसतं, तेवढं एक बरं होतं. वडे तळताना दारातून मला अप्पांचं डोकं आणि भावाचा हात दिसत होता. वाध्यारांनी आईचं नाव घेतलं, गोत्र घेतलं, आणि भावानं पाणी सोडलं. नीट सोडलं त्यानं, वाईट बोलण्यासारखं काही नाही. तिन्ही वेळा अप्पांचे ओठ मंत्राबरोबर हलले. तिसऱ्या वेळी ते पाण्याकडे न बघता परसाकडे बघत होते.

सगळे जेवून गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, ‘अप्पा, माझं चुकलं.’ असं म्हणायची मला सवय नाही. ते म्हणाले, ‘तू माझ्यासाठीच केलंस.’ मी म्हटलं, ‘पुढच्या वर्षी तुम्हीच कराल.’ ते म्हणाले, ‘बघू.’ आणि डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. मला वाटलं, चला, निभावलं. इतकी मी मूर्ख.

पट्टी निघाली. साक्कोट्टैची ती मुलगी पुन्हा यायला लागली. मी तिला सगळं खरं सांगितलं, ती माझ्यावर रागावली, रागावू दिलं. मी आता व्यायामाच्या वेळी खोलीत थांबत नाही. तिच्या हातात अप्पा आपला हात अगदी मोकळा सोडतात. वाध्यार आले तर त्यांच्या हातात देतात, भाजीवालीनं चौकशी केली तर तिलाही धरू देतात. हात सुधारतोय. बोटं मिटतात, मनगट थोडं उचललं जातं.

परवा मी तेल कोमट करून घेऊन गेले. म्हटलं, अप्पा, चोळून देते. ते ‘हो, दे की’ म्हणाले, आणि हसून माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून झटकन उचलला गेला, छातीशी गेला, आणि डाव्या हातानं तो झाकून घेतला. माझ्या बापाला ते कळलंसुद्धा नव्हतं. ते अजून हसत होते, तेल लावायची वाट बघत होते. डॉक्टर म्हणतात की एवढ्या झटकन हात उचलता येणं ही फार चांगली खूण आहे. दुसऱ्या कुणासमोर तो एवढ्या झटकन उचलला जात नाही.