यंत्राला न पटलेला अंगठा

कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेणाऱ्या भिंगकाकांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. कामगारांनी हे नाव त्यांना पाठीमागे ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. अंगठ्याचं यंत्र बसलं आणि काकांना रान मोकळं मिळालं. 'ओळख पटली नाही' असं उमटलं की माणूस गैरहजर. तीन लाल फुल्या पडल्या की काम गेलं. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींचा अंगठा दोनदा लागला नाही. काकांनी तो स्वतः धरून काचेवर दाबला, तरी नाही.

"काका, मी समोर उभी आहे की!"

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी. माणसं बोलतात."

आठवड्याभरात काकांच्या बोटांच्या कडांना मरणाची खाज सुटली. कातडीखाली साबुदाण्यासारखे बारीक, पाणी भरलेले फोड आले. मग तळव्यांवर आले, तळपायांवरही. काकांना चोर लगेच सापडला. मावशींचा अंगठा धरला होता ना, त्यांचीच खरूज! त्यांनी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. मग प्रत्येक कामगारामागे जंतुनाशकाने हात धुवायचे आणि वर रबरी हातमोजे चढवायचे, असा बंदोबस्त सुरू झाला. फोड मात्र वाढतच गेले. तेव्हा साबण कुणी बदलला म्हणून त्यांनी बायकोची उलटतपासणी घेतली.

"माझ्यावर संशय घेऊन झाला असेल तर आता डॉक्टरवर घ्या," ती म्हणाली. "पण जा एकदाचे!"

डॉक्टरीणबाईंनी हातपाय नीट पाहिले. "हा एक्झिमा आहे. तो कुणाकडून लागत नाही आणि तुमच्यापासून कुणाला लागणार नाही."

"मग आला कुठून?"

"एकच कारण सांगता येत नाही. घाम, सतत ओले हात, कडक साबण, काहींना धातू, काहींना मनावरचा ताण. तुम्ही दिवसातून हात किती वेळा धुता?"

काका बोटांवर मोजू लागले; दोन्ही हातांची बोटं संपली.

"रबरी मोज्यांत घाम साचतो, आत सुती घाला. हे मलम लावा आणि फोड फोडू नका. सुकले की कातडी निघेल. पुन्हाही येऊ शकतं."

बाई काहीतरी लपवताहेत, असं काकांना जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

फोड सुकले, बोटांची टोकं सोलवटून गुळगुळीत झाली. सोमवारी यंत्राने काकांची ओळख नाकारली. मंगळवारी तेच. बुधवारीही ते बधेना; आता काकांच्या नावापुढे तिसरी फुली पडणार होती. अशा वेळी हजेरी हाताने मांडता येत होती, फक्त एका सहकाऱ्याची साक्ष लागायची. ही सोय काकांनी आजवर कुणाच्या कानावर घातली नव्हती. ती त्यांनी आज सांगितली, तर रांगेतला जो तो आभाळाकडे बघू लागला.

"आणा पेन," मागून मावशी म्हणाल्या.

पेन धरणारी त्यांची बोटंही तशीच सोललेली होती.

"तुम्हालाही हेच आहे? मग बोलला का नाहीत?"

"दर उन्हाळ्यात येतं. तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही यंत्राला विचारलंत." त्यांनी सही केली. त्यांच्या दुसऱ्या हातात साहेबांचं पत्र होतं: तीन फुल्या भरल्या, काम संपलं. आज त्यांचा शेवटचा दिवस होता. "काका, ही साक्षीची सोय आधीपासून होती?"

काकांना खोटं बोलता आलं असतं.

"होती," ते म्हणाले. मग हजेरीची वही काखेत मारून, फाटक तसंच उघडं टाकून ते साहेबांच्या खोलीकडे निघाले.