वाचक-सेवेला मी हद्द घालून दिली

संगणकातील एका सेवेस मेमरीची हद्द ठरवून देण्याचा प्रसंग माझ्यावर एका दुपारी दोन वाजता आला आणि पाच वाजण्यापूर्वी तो मी पार पाडला. ही गोष्ट आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. तथापि मसुद्यातील दोषामुळे माझा अर्ज परत आल्याचे एक तरी उदाहरण या आवारात कोणी दाखवून द्यावे. अर्ज कोणाच्या नावे करावा, यातच निम्मे काम असते. तहसीलदारांचा विषय भूमी अभिलेख कार्यालयाकडे पाठवणारे लोक महिनोन्महिने उत्तराची वाट पाहतात आणि अखेर माझ्याकडे येतात.

माझ्या टेबलावर एक जुना संगणक आहे. कारध्याचे माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यांनी त्यावर लिनक्स बसवून दिले, आणि माझ्या जुन्या अर्जांच्या व त्यांवरील आदेशांच्या स्कॅन केलेल्या प्रतींतील अक्षरे ओळखून त्यांची शोधसूची करणारी, पडद्यामागे चालणारी एक सेवाही. तिला आम्ही वाचक म्हणत असू. ती चालू केली की संगणक इतर सर्व कामे विसरत असे. म्हणून मी ती घरी जातेवेळीच चालवीत असे.

त्या दिवशी करडीच्या बाजूच्या एका गावातून मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षा आल्या. त्यांच्या गावच्या तलावातील मासेमारी दुसऱ्या संस्थेस देण्याचे घाटत होते आणि त्यावर हरकत नोंदविण्याची मुदत त्याच सायंकाळी पाचला संपत होती.

"भाऊ, आजच शेवटचा दिवस हाय," बाई म्हणाल्या. "तलाव गेला त चाळीस घरं कोठी जातीन?"

हरकत ऑनलाइन भरावयाची होती. चाळीसही सभासदांची नावे वडिलांच्या नावासह एकेक टंकावी लागणार होती. शिवाय तलाव याच सोसायटीकडे ठेवण्याचा जो जुना आदेश झाला होता, त्याची प्रत जोडणे आवश्यक होते. बाईंकडील प्रत उधईने खाल्लेली होती. तो आदेश ज्या अर्जावर झाला, तो मीच लिहिला होता, त्यामुळे आदेशाचे स्कॅन माझ्या संगणकात निश्चित होते. परंतु हजारो पानांपैकी कोणते, हे वाचकाने वाचून काढल्याशिवाय कळणार नव्हते. त्या वर्षाचा गठ्ठा त्याने अद्याप वाचलेला नव्हता. एक काम संपवून दुसरे हाती घेण्याइतका अवधी नव्हता. दोन्ही एकाच वेळी चालणे भाग होते.

मी वाचकास त्या गठ्ठ्यावर लावले आणि नावे भरावयास बसलो. अठरावे नाव टाकत असताना पडदा गोठला. थोड्या वेळाने ब्राउझर आपोआप बंद झाला आणि अठराही नावे गेली.

शेजारच्या टेबलावर टाइपरायटर घेऊन बसणारे माझे समव्यावसायिक हे पाहत होते.

"का जी, बसली का तुमची मशीन? माहा कारबन कधी बसला का, सांगा बरं!"

मी उत्तर देण्यापूर्वीच बाई म्हणाल्या, "तुमी गप राहा न भाऊ. तुमच्या कारबनवर लागते का ऑनलाइन अर्ज?"

मी भाऊजींना फोन लावला. ते एका लग्नाच्या पंगतीत बसले होते. मागे वाढप्यांचा गोंगाट ऐकू येत होता.

"साळेबुवा, सेवा बंद करू नोको, तिले हद्द घालून दे," ते म्हणाले. "लिनक्स हरेक सेवेले येगळ्या गटात ठेवते. कंट्रोल ग्रुप म्हणते त्याले. गटाले सांगता येते का तुले मेमरी एवढी, सीपीयू एवढा. मंग त्या गटातून कितीबी कामं निंगो, साऱ्याइचा मिळून हिस्सा तेवढाच."

मी कागद ओढला. त्यांनी तीन ओळी सांगितल्या. मेमरीहाय सहाशे एमबी: त्यापुढे गेल्यास सेवेचा वेग आवळला जातो. मेमरीमॅक्स आठशे: ही शेवटची हद्द, ती ओलांडू पाहणारे काम बंद पाडले जाते. सीपीयूकोटा चाळीस टक्के, म्हणजे प्रोसेसरच्या चार कोअरपैकी एकाच्या वेळेतील चाळीस टक्के. "सिस्टिमसीटीएल एडिट म्हण, वाचकाचं नाव दे, अन् लिही. बरं, भात वाढून राहिले, ठेवतो."

फोन बंद झाला. मी फाइल उघडली. 'युनिट' असे चौकटी कंसातील शीर्षक लिहिले, कारण सेवेच्या मूळ फाइलीत तेच सर्वांत वर दिसत होते. त्याखाली तीन ओळी स्वच्छ उतरविल्या आणि सेवा पुन्हा सुरू केली. कोणती सेवा किती मेमरी घेत आहे, हे दाखविणारा तक्ता मी शेजारी उघडून ठेवला. प्रत्येक सेवेची स्वतंत्र ओळ, आणि त्यापुढे तिने त्या क्षणी काय घेतले याची नोंद! इतकी वर्षे हा संगणक मला एक अखंड डबा वाटत आला होता.

वाचकाची ओळ सहाशेवर पोहोचली. सातशे. नऊशे. दीड हजार! मी घाईने सेवा थांबविली, म्हणून ब्राउझर वाचला.

"का झालं जी?" बाईंनी विचारले. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

मी सेवेची स्थिती तपासली. तेथे मी दिलेल्या तिन्ही ओळींबाबत प्रत्येकी एक शेरा होता: 'युनिट' या विभागात असा शब्द आम्हांस ज्ञात नाही, सबब दुर्लक्ष करीत आहोत. मी शेरा दोनदा वाचला आणि मोठ्याने हसलो. अर्ज बिनचूक होता. मी तो चुकीच्या टेबलावर दिला होता! ज्या चुकीबद्दल मी बावीस वर्षे लोकांना बोल लावले, तीच मी केली होती. 'युनिट' विभाग सेवेची ओळख आणि तिचा क्रम पाहतो. हद्दीचा विषय 'सर्व्हिस' विभागाचा. आणि या यंत्राने चुकलेला अर्ज गुपचूप दडपून न ठेवता कारणासह शेरा मारला होता.

शीर्षक बदलले. सेवा पुन्हा सुरू केली. वाचकाची ओळ चढू लागली. चारशे, पाचशे, सहाशे. सहाशेजवळ ती घुटमळली, किंचित वर गेली, पुन्हा खाली आली आणि तेथेच राहिली! मी टेबलावर हात आपटला. समव्यावसायिक दचकून उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"थांबली?" त्यांनी विचारले.

"थांबली नाही. चालू आहे. फक्त आपल्या हिश्श्यात आहे."

मी पहिल्यापासून नावे भरू लागलो. बाई यादी वाचून सांगत होत्या, मी टंकत होतो. अठरावे नाव गेले, पंचविसावे गेले. पडदा मोकळा होता. वाचक पूर्वीपेक्षा संथ झाला होता, परंतु दर काही मिनिटांनी शोधात नवीन पाने येत होती. तिसावे नाव टाकल्यावर मी तलावाचे नाव शोधले: काही नाही. छत्तिसाव्यानंतर पुन्हा शोधले आणि आदेश समोर आला. जावक क्रमांक, शिक्का, सही, सर्व स्पष्ट.

"हाच!" बाई जवळजवळ ओरडल्या. "हाच तो कागद, भाऊ!"

आदेश जोडला. उरलेली चार नावे भरली. चार वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज सादर करण्याच्या बटणावर माझे बोट होते, तेव्हा बाईंनी माझा हात धरला.

"एकदा सारे नाव वाचून दाखवा. एकबी घर सुटलं नाही पायजे."

मी चाळीसही नावे मोठ्याने वाचली. प्रत्येक नावाला त्या मान हलवीत होत्या. मग बटण दाबले आणि पोच छापून त्यांच्या हाती दिली.

"आता तलाव आमचाच ना?"

"निकाल साहेबांच्या हाती आहे," मी म्हणालो. खोटे सांगणे मला शोभले नसते. "परंतु तुमचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आता तो दुसऱ्यास देता यायचा नाही."

त्यांनी तेथूनच गावात फोन लावला.

"लागला वो अर्ज. हो, चाळीसही. मी सोता आयकले सारे नावं."