दात नसलेल्या पेशंटला आठवण

सूनबाईंच्या सासऱ्यांच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं. वर कवळी, खाली कवळी, मधे जीभ, ती तेवढी शाबूत. तरी महिनाभरात त्यांना दोनशे वेळा मेसेज आला, ‘आपली दाढ उद्या सकाळी दहा वाजता काढायची आहे.’

हा प्रताप सूनबाईंचाच! दातांच्या डॉक्टरांसाठी त्या सॉफ्टवेअर लिहीत होत्या. उद्या कोणाला बोलवायचं ते त्याने ठरवायचं आणि पेशंटला आठवणीचा मेसेज धाडायचा. पण घाईघाईत बाईंनी ठरवणं आणि धाडणं एकत्रच कालवून ठेवलं. तारीख बरोबर निघते का एवढंच तपासायचं म्हटलं, तरी खराखुरा मेसेज सुटायचा. आपला नंबर घालावा तर फोन दिवसभर किणकिणणार, नवऱ्याचा घालावा तर तो घर डोक्यावर घेणार. उरले बिचारे सासरे.

त्यात साहेबांनी ठणकावलं, “पंधरा दिवस सुरळीत चाललं तर ठीक, नाहीतर दुसरी नोकरी बघा.” बाईंनी कंबर कसली आणि कोडची फाळणी केली. ठरवणारा वेगळा, धाडणारा वेगळा. ठरवणाऱ्याने फक्त “याला धाड” म्हणायचं, समोर कोण उभा आहे याची चौकशी करायची नाही. तपासणीपुरता बाईंनी समोर एक तोतया धाडणारा उभा केला. तो काहीच धाडायचा नाही, यादीत नाव लिहायचा आणि म्हणायचा, “धाडला!” साठ टेस्ट चार सेकंदांत पास! बाई खुर्चीतल्या खुर्चीत नाचल्या आणि सोमवारी सगळं डॉक्टरांकडे बसवून आल्या.

मंगळवारी सकाळी अकराला सासऱ्यांचा फोन.

“अगं, मी दातांच्या दवाखान्यात बसलोय.”

“तिथे कशाला, बाबा?”

“चार दिवस तुझा मेसेज नाही. म्हटलं, दवाखाना बंद पडला की काय! तर इथे मी एकटाच. डॉक्टर पेपर वाचतायत.”

बाईंनी लॅपटॉप उघडून पाहिलं. खऱ्याच्या जागी तोतयाच बसवून आल्या होत्या की! आणि मेला काल ऐटीत सांगत होता, “बावीस मेसेज धाडले!”

“बाबा, डॉक्टरांना बोलण्यात गुंतवा. दुपारच्या पेशंटना मी आत्ता कळवते.”

“गुंतवतो. तू घाई कर.”

तोतयाला हाकलून खऱ्याला उभं करायला एकच ओळ बदलावी लागली. जुन्या काल्यात अख्खा दिवस गेला असता. तीन वाजता दवाखान्यात बसायला जागा नव्हती, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांपुढे चूक कबूल केली. डॉक्टर म्हणाले, “एक सकाळ रिकामी गेली, ते सोडा. पण तुमच्या सासऱ्यांनी बत्तीसच्या बत्तीस दात कसे पडले ते सांगितलं हो! पुन्हा चुकू नका.”

घरी बाईंनी विचारलं, “बाबा, दाढेच्या मेसेजची एवढी वाट बघत होतात?”

“तुझी सासू गेल्यापासून, अमुक वाजता तुमची वाट बघतोय, असं मला कोण कळवतं गं?”

बाईंना रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकसष्टावी टेस्ट लिहिली. रोज सकाळी खऱ्या धाडणाऱ्याने एक मेसेज खऱ्या माणसाला पाठवायचा, त्याचं उत्तर आलं तरच पास. ती आजवर एकदाही नापास झालेली नाही.