पिशवीसकट

आमचं कॉलेज रत्नागिरीच्या कातळावर आहे. तिथं खड्डा मारायचा म्हणजे पहारीखाली ठिणग्या उडतात. वृक्षारोपणासाठी रोजावर आलेल्या एका माणसानं चार दिवस खपून खड्डे मारले होते. आमच्या विद्यार्थ्यांनी ते अर्ध्या तासात बुजवले. हिरवे टीशर्ट घालून फोटो काढले, विकतच्या बाटल्यांमधलं पाणी रोपांवर ओतलं, बाटल्या तिथंच टाकल्या आणि सगळे 'प्लास्टिकमुक्त कॅम्पस'वरच्या भाषणाला हॉलमध्ये जाऊन बसले.

फाइल विसरली म्हणून मी परत आलो, तर तो माणूस उकिडवा बसून एकेक रोप उपटत होता.

"अहो, हे काय चाललंय?" मी आवाज चढवला.

त्यानं हातातलं रोप माझ्यापुढं धरलं. मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच होती.

"पोरांनी झाडं लावली नाय सर, पुरली."

कोयतीच्या टोकानं त्यानं पिशवी चिरली, आत गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी केली, रोप पुन्हा खड्ड्यात ठेवलं. पिशवी झटकली, घडी करून खिशात घातली आणि पुढच्या रोपाकडे सरकला.

मला भयंकर संताप आला. पोरांचा आला, भाषण ठोकणाऱ्या पाहुण्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच. पहिलं रोप मीच लावलं होतं, कॅमेऱ्याकडे बघत, पिशवीसकट.

"तुमी काय शिकवता, सर?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी पर्यावरणशास्त्र शिकवतो.

"मराठी," मी म्हणालो.