आबाजीची खाट उभी केली तवा

माह्या सासऱ्याले लकवा झाला तवा माह्या धन्याले जाऊन दोन वर्सं झाली होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गवत कापून राहिला होता, साप चावला. घरात उरलो मी, सासरा, दहा वर्साची पोरगी आन् पाच वर्साचा पोरगा. सिहोऱ्याच्या अंगाले आमचं गाव. सत्तरच्या पुढची ही गोष्ट, साल मले सांगता येत नाई. मी दुसरीपावतर शिकली, तेही पाटीवरचं पाटीवरच पुसलं गेलं.

सासऱ्याचं उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. बोले, पण ओढून ओढून. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर पडू देऊ नाई, त्याच्या खाटेवर बसू नाई, त्याच्या अंगाले हात लावू नाई. ताटसुद्धा मी खाली ठेवून सरकवत होती. मंग त्याले उठवणार कोण, धुणार कोण? पोरगी. तिची शाळा सुटली. सुटली काय, मीच सोडवली. मी मजुरीले गेली की ती त्याले पेज पाजे, काठी देऊन परसाकडे नेई, तोंड पुसे. लेकरं आज्याले आबाजी म्हणत.

"आबाजी, आ कर."

"आ करून तर राहिलो. किती आ करू? मगर आहो का मी?"

"मगर बरी. तिले कोणाले भरवा लागत नाई."

असं दोघांचं चाले. भात डाव्या गालात द्या लागे, उजव्या गालात दिला तर बाहेर येई. हे तिनंच शोधून काढलं होतं, मले ठाऊक नव्हतं.

वर्सभर असं चाललं. मंग धानाच्या रोवण्याचे दिवस आले. सगळं गाव चिखलात. एक दिवस दुपारी मी भाकर खायले घरी आली, तर सासरा आंगणात चिखलात पडलेला. पोरगी घरात नाई. गल्लीतल्या पोरी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, मासे धरायले चालल्या होत्या, ही त्यांच्यासंग गेली, धाकट्यालेही घेऊन गेली. सासऱ्याले लघवी लागली, हाक मारली, कोणी आलं नाई, आपल्या आपणच उठला आन् पडला. किती वेळचा पडला होता, त्यानं सांगतलं नाई.

आजूबाजूले माणूस नाई, सगळे रोवण्यात. मी पदर कमरेले खोचला, डोकं उघडं पडलं. दोन्ही हातानं त्याले उचललं. त्यानं डोळे मिटून घेतले. खाटेवर टाकला, धुतला, धोतर बदललं. तेवढ्यात पोरगी आली, फ्राकात मासे धरून. मी तिले थापड मारली. एकच. आन् म्हणलं, "मारून टाकशील आबाजीले एक दिवस!"

म्हणून गेली मी. रागात माणूस काय बोलते, त्याचं त्यालेच ध्यान राहत नाई.

दोन दिवसानं सासरा म्हणे, "मले कुठं तरी नेऊन ठेव."

मी दाराआडून म्हणलं, "लोकं काय म्हणतील, मामाजी?"

"लोकं येतात का मले मुतायले न्यायले? पोरगी शाळेत गेली पाह्यजे."

शाळेचे मास्तर आधीच एकदा विचारायले येऊन गेले होते, पोरगी काहून येत नाई म्हणून. त्यांनाच मी सांगतलं. ते म्हणे, भंडाऱ्याकडे एक आश्रम आहे, म्हाताऱ्या-अपंग लोकांले ठेवते, गडीमाणसं चाकरीले आहेत. मास्तरांनी कागद लिहिला. उत्तर आलं, घेऊन या.

लेकरांले काय सांगा लागते हे मले कोणी सांगतलं नव्हतं. रडारड नको, एवढंच माह्या डोक्यात. सिहोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी शेजारणीसंग दोघांले बाजारात धाडून दिलं. म्हणलं, मुरमुरे खा, झुला पाहा. इकडे बैलबंडीत गवत टाकलं, त्याच्यावर सासऱ्याले निजवलं आन् यष्टीपावतर नेलं. मास्तर संग होते. त्या दिवशी लेकरं शेजारणीकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी परत आली तर पोरीनं विचारलं, "आबाजी कुठं आहे?"

"मोठ्या दवाखान्यात नेलं."

तिनं पुढं काई विचारलं नाई. मले वाटलं, झालं, समजली.

खाटेले ढेकूण लय झाले होते. मी पाणी उकळून खाटेवर ओतलं आन् आंगणात भिंतीले उभी केली, ऊन लागलं पाह्यजे म्हणून. वाकळ बोडीवर नेऊन धुतली. घरात काम पडलं ते केलं, दुसरा विचार नाई.

पोरगी शाळेत जाऊ लागली. सांगतलं ते काम करे. हसे नाई, भांडे नाई, अर्धी भाकर ठेवून उठे. धाकटा अंथरूण ओलं करू लागला, तीन वर्साचा झाल्यावर जे बंद झालं होतं ते. शेजारीण म्हणे, "पोट्टी एकदम शहाणी झाली बाई तुही." मलेही तसंच वाटलं. कामाची घाई, कोण एवढं पाहते?

पितरांचे दिवस आले. माह्या धन्याचं पान मी दर वर्सी छपराच्या कवेलूवर ठेवत होती, कावळ्याले. त्या वर्सीही वडे, भात, भाजी केली. पान वाढलं आन् मांगं पाहते तर पोरगी दुसरं पान वाढून राहिली.

"दोन काहून? बाबाचं एकच असते."

ती भात वाढतच राहिली. धाकटा म्हणे, "ते आबाजीचं आहे."

"अगे, आबाजी जिता आहे! जित्या माणसाचं पान वाढतात का?"

पोरगी माह्याकडे पाहून म्हणे, "मंग खाट काहून उभी केली होती?"

आमच्या गावात माणूस मेला की त्याची खाट आंगणात उभी करतात आन् त्याची वाकळ बोडीवर धुतात. सगळ्यांले ठाऊक आहे. लेकरांलेही. मले एकटीले तवा ध्यानात आलं नाई.

"ढेकूण झाले होते माय खाटेले!"

"सगळ्या पोरी म्हणल्या, तुहा आबाजी मेला. वाकळ धुताना पाह्यली त्यांनी."

"मी सांगतलं होतं ना, दवाखान्यात नेलं म्हणून?"

"बाबाच्या वक्तीही तू दवाखान्यातच नेलं म्हणली होती."

खरी गोष्ट होती ती. तिच्या बापाले उचलून नेलं तवा मी तेच सांगतलं होतं.

मंग ती म्हणे, "माह्याच्यानं मेला. मी मासे धरायले गेली म्हणून. तूच म्हणली होती, मारून टाकशील."

दीड महिना हे लेकरू हे पोटात घेऊन शाळेत जात होतं. मी म्हणलं, तुही शपथ, धाकट्याची शपथ, आबाजी जिता आहे. तिनं मान हलवली, पण मानलं नाई. मी ते दुसरं पान उचललं, दोघांपुढं ठेवलं आन् खायले लावलं. धाकट्यानं वडे खाल्ले. तिनं हात लावला नाई.

मले समजलं, आता माह्या बोलण्याचा काई उपयोग नाई. डोळ्यानंच दाखवा लागते. दोन दिवसाची मजुरी सोडली आन् दोघांले घेऊन सकाळच्या यष्टीत बसली. सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा, तिथून पायी.

आश्रमाच्या लांब छपरीत म्हातारे बसले होते. सासरा भिंतीले टेकून बाकावर. दाढी केलेली, डोक्याचे केस पार काढलेले. धाकटा माह्या लुगड्यात शिरला. पोरगी चार हात दूर उभी राहिली आन् त्याच्या पायाकडे पाहू लागली. भुताचे पाय उलटे असतात असं लेकरं बोलत ना.

सासऱ्याले समजलं. म्हणे, "काय पाहून राहिली? सरळच आहेत. चालत तेवढे नाई."

मंग ती जवळ गेली. बोटानं त्याच्या गुडघ्याले टोचून पाह्यलं.

"आबाजी, तू माह्याच्यानं पडला."

"माह्या पायाच्यानं पडलो. तू एवढी काडी, तू कशाची पाडतेस मले?" थांबून म्हणे, "मासे सापडले का नाई त्या दिवशी?"

"चार सापडले."

"मले एक तरी चारला का?"

"मायनं मारलं मंग कसं चारणार?"

म्हातारा हसला. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. तवा कुठं ती रडली. दीड महिन्याचं रडली. मी रडू दिलं.

जेवणाच्या वक्ती आश्रमातला गडी ताट घेऊन आला आन् चारू लागला. भात बाहेर येऊन राहिला होता. पोरीनं डोळे पुसले, म्हणे, "काका, डाव्या गालात द्या. आन् पहिलं पाणी नका देऊ, ठसका लागते." गडी म्हणे, "बरं हो, मास्तरीणबाई." सासरा खाता खाता म्हणे, "एक मास्तरीण घरी होती, तिच्यापासून पळून आलो, तर इथंही आली."

निघताना धाकट्यानं विचारलं, "आबाजी घरी कधी येईल?"

धान निघाल्यावर, असं माह्या तोंडावर आलं होतं. पोरगी माह्याकडेच पाहून राहिली होती. मी म्हणलं, "नाई येणार. तो इथंच राहील. घरी त्याले पाहणारं कोणी नाई, मी कामाले जाते, तुम्ही शाळेत. आपण भेटायले येत जाऊ. लय वेळा नाई जमणार, पण येऊ."

धाकटा यष्टीत तुमसर येईपावतर रडला. पोरगी नाई रडली. घरी आल्यावर तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर तीनदा गेलो आम्ही. दुसऱ्या वर्सी, धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू असताना, आश्रमातला गडी कागद घेऊन आला. मास्तरांनीच वाचून दाखवला. मी तशीच वर्गाच्या दारात गेली आन् पोरीले बाहेर बोलावलं. म्हणलं, "आबाजी गेला. काल सकाळी. झोपेतच गेला म्हणतात."

तिनं विचारलं, "खरंच?"

"खरंच."

तिनं आत जाऊन दप्तर आणलं, आन् आम्ही दोघी धाकट्याले घ्यायले त्याच्या वर्गाकडे गेलो. त्याले तिनंच सांगतलं.